शिक्षकांची शाळा: ‘ब्लेंडेड’च्या आधीची पन्नास वर्षं

मी आखलेली पहिली कार्यशाळा कागदावर अगदी यशस्वी झाली. पाच दिवस, चाळीस शिक्षक, सहा साधनव्यक्ती. विषय होता ब्लेंडेड कोर्सची आखणी, म्हणजे अभ्यासक्रमाचा काही भाग वर्गात आणि काही ऑनलाइन कसा शिकवायचा. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, गूगल क्लासरूम कसं उघडायचं ते झालं, व्हिडिओ कसा बनवायचा ते झालं. फीडबॅक फॉर्मवर बहुतेकांनी ‘उत्कृष्ट’वर टिचकी मारली. फोटो नॅकच्या फाइलला लागले. प्रमाणपत्रं वाटली आणि आम्ही घरी गेलो.

सहा महिन्यांनी मी सहज विचारत फिरले, कुणी काय बदललं? चाळीसपैकी तिघांनी आपल्या विषयात काहीतरी केलं होतं. मी स्वतः त्या तिघांत नव्हते. मी इतकंच केलं होतं, की माझ्या लेक्चरचे व्हिडिओ चढवले होते आणि वर्गात येऊन पुन्हा तेच लेक्चर देत होते. एका दुपारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, व्हिडिओ बघितला की वर्गात यायचं कारण उरत नाही. आणि वर्गात आलं की व्हिडिओ बघायचं.” त्याच्या मागच्या बाकावरची मुलगी काहीच बोलली नाही. तिच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर रात्री आठला घरी येतो, हे मला नंतर कळलं. तिच्यासाठी माझे व्हिडिओ नव्हतेच. तिला फक्त वर्ग होता, आणि तो वर्ग मी सुधारला नव्हता.

मी इतिहास शिकवते. काही चुकलं की मागे जाऊन बघायची सवय हातात मुरलेली असते. म्हणून दुसरी कार्यशाळा आखायच्या आधी मी एक साधा प्रश्न घेऊन बसले: आपल्या देशात शिक्षकांना नवं तंत्र शिकवायचे प्रयत्न आधी कुणी, कसे केले? मला वाटलं होतं गोष्ट २०२० च्या लॉकडाऊनपासून सुरू होईल. ती सुरू झाली १९७५ मध्ये. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून.

आकाशातून आलेली कार्यशाळा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. हे एक वर्ष भारताने अमेरिकेच्या नासाकडून एक उपग्रह वापरायला घेतला होता. त्याचं नाव एटीएस-६. प्रयोगाचं नाव ‘साइट’. सहा राज्यांतल्या वीस जिल्ह्यांत सुमारे २४०० गावांमध्ये टीव्हीचे संच बसवले गेले: राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण मुलांसाठीचे काही विज्ञान कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत बनले. गावात उपग्रहाचा संदेश पकडायला तीन मीटर व्यासाचा ॲंटेना होता, आणि तो बनवला होता खुराड्याच्या जाळीपासून. स्वस्त, हलका, गावात दुरुस्त होईल असा. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, शेती आणि आरोग्यापासून करमणुकीपर्यंत.

‘साइट’विषयी लिहिताना लोक हा ॲंटेना आणि हा उपग्रह आवर्जून सांगतात. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या एका वर्षात या संचांवरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत सुमारे २४ हजार शिक्षक. म्हणजे एकूण ४८ हजारांच्या आसपास. हिशेब केला तर एका संचासमोर साधारण दहा जण.

आता नीट बघा, त्यात काय काय होतं. टीव्हीवरचा कार्यक्रम होता. रेडिओ होता. छापील साहित्य होतं. आणि गावातच, त्या दहा जणांबरोबर, हातांनी करायच्या कृती होत्या. त्या करून घ्यायला आधी तयार केलेला एक मार्गदर्शक होता. पडद्यावरून आलेलं आणि समोरासमोर केलेलं यांची वाटणी विचार करून केलेली होती. ‘ब्लेंडेड’ हा शब्द आपल्याकडे कुणी वापरत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या पाच दिवसांत साधनव्यक्ती बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. १९७५ च्या त्या आखणीत टीव्ही बंद झाल्यावरही काम उरत होतं.

पण उपग्रह उसना होता. वर्ष संपलं तसा तो परत गेला. ४८ हजार शिक्षक आपापल्या शाळेत परतले. पुढचा प्रश्न विचारायला त्यांच्याकडे कोण होतं? बारा दिवसांची उत्तम आखणी केली, पण तेराव्या दिवसाचं काय, हा प्रश्न तिथेही उरलाच.

होशंगाबादचा तेरावा दिवस

त्या प्रश्नाचं उत्तर त्याच काळात, ‘साइट’च्याही आधीपासून, मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात शोधलं जात होतं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेले होते. त्याच संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्ट्यांत होशंगाबादला जाऊन शिक्षकांबरोबर बसत. सुरुवातीला मदत करणाऱ्यांत यशपाल होते. हे तेच यशपाल, जे १९७३ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे पहिले संचालक झाले आणि ज्यांच्या हाताखाली ‘साइट’चं काम झालं. एकाच माणसाचा एक हात उपग्रहावर होता आणि एक सोळा शाळांवर.

होशंगाबादचं प्रशिक्षण कसं असे? शिक्षक चार-चारच्या गटात बसत आणि मुलांनी जे प्रयोग करायचे तेच प्रयोग स्वतः करत. साहित्य साधं, आसपास मिळणारं. बाहेर शेतात जाऊन पानं गोळा करायची, मोजमापं घ्यायची, आकडे जुळले नाहीत की पुन्हा मोजायची. वर बसून तयार उत्तर सांगणारं कुणी नाही. पदवीधर, घरात मुलंबाळं असलेला शिक्षक पहिल्यांदाच भिंग हातात घेऊन चुकत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेला वैज्ञानिकही कधीकधी ‘मलाही ठाऊक नाही, करून बघू’ म्हणत होता. स्वतः विद्यार्थी होऊन चुकल्याशिवाय विद्यार्थ्याची चूक समजत नाही, एवढं साधं तत्त्व.

आणि मग तेरावा दिवस. प्रशिक्षण एका सुट्टीत संपत नसे. शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या मासिक बैठका होत. काय जमलं, काय फसलं, कुठला प्रयोग चालीस मिनिटांच्या तासात बसत नाही, हे तिथे मांडलं जाई. शाळांना भेटी होत. शिक्षकांच्या तक्रारींवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं बदलली गेली. परीक्षाही बदलली: पुस्तक उघडं ठेवून लिहायची, आणि प्रयोग करून दाखवायचा. कारण शिकवणं बदललं आणि परीक्षा तीच राहिली तर दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं, हे त्यांना कळलं होतं. १९७८ मध्ये कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर वर्षभराची रजा काढून तिथे गेला आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून आकार बनवू लागला. तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी त्यांचे व्हिडिओ पाहिले असतील. ते अरविंद गुप्ता. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि काम तिने पुढे नेलं. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबतं, हाही धडाच आहे. पण त्याकडे नंतर येते.

‘साइट’ आणि होशंगाबाद शेजारी ठेवले, की माझ्या पाच दिवसांचं दुखणं दिसू लागलं. एकाने खूप जणांपर्यंत पोचायचं ठरवलं, दुसऱ्याने थोड्यांबरोबर टिकून राहायचं. मी दोन्हीतलं काहीच केलं नव्हतं.

एकट्याने कोर्स होत नाही

याच सुमारास इंग्लंडमध्ये ओपन युनिव्हर्सिटी उभी राहिली होती. १९६९ मध्ये सनद मिळाली, जानेवारी १९७१ मध्ये पहिले सुमारे २४ हजार विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरचे कार्यक्रम, टपालाने येणारी पुस्तकं, जवळच्या केंद्रावर ट्यूटर, उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शाळा, असं सगळं मिळून एक कोर्स. पण मला थांबवलं ते एका शब्दाने: कोर्स टीम. तिथे कोर्स एका प्राध्यापकाचा नसे. विषय शिकवणारे अनेक जण, बीबीसीचा निर्माता, शैक्षणिक तंत्रज्ञ, संपादक अशी सगळी मंडळी एकत्र बसून तो लिहीत आणि एकमेकांचे मसुदे कठोरपणे तपासत.

आमच्याकडे? प्रत्येक शिक्षकाने एकट्याने व्हिडिओ काढायचा, एकट्याने संपादित करायचा, एकट्याने प्रश्नावली बनवायची, आणि वर आठवड्याचे ठरलेले तास घ्यायचेच. जे काम इतरत्र टीमला दिलं जातं ते आपण एका माणसाला देतो आणि तो करत नाही म्हणून त्याला ‘तंत्रज्ञानाला विरोध करणारा’ ठरवतो.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. त्याच्या निमित्ताने ‘अभ्यासकेंद्र’ आणि ‘संपर्क सत्र’ हे दोन शब्द महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात पोचले. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणीतरी असेलच, ज्याने नोकरी करत, रविवारी संपर्क सत्राला जात पदवी घेतली. शाळेत शिकवता शिकवता बी.एड. केलेले शिक्षकही त्यांतलेच. म्हणजे ज्या ब्लेंडेडची आम्ही पाच दिवस नवलाई सांगितली, ते आमच्याच हॉलमध्ये बसलेल्या काही जणांनी विद्यार्थी म्हणून जगलेलं होतं. आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही, की तेव्हा तुम्हाला काय उपयोगी पडलं आणि कुठे सोडून द्यावंसं वाटलं.

मुंबईचा पडदा, गावोगावची केंद्रं

महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सरकारी घर मिळालं ते १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. १९८७ पासून विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द तिथून आले. यातून चांगलं खूप झालं. पण हळूहळू हे कोर्स बढतीला जोडले गेले, आणि जी गोष्ट बढतीला जोडली जाते ती शिकण्याआधी मोजली जाते. ‘तुझे किती झाले?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतो.

मग आली आयआयटी मुंबईची धडपड. २००९ च्या सुमारास केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान शिक्षण मोहिमेतून प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. आधी हजार शिक्षक, मग प्रकल्पाचं नावच ‘दहा हजार शिक्षकांचं प्रशिक्षण’. रचना अशी: देशभरातल्या कॉलेजांत दूरकेंद्रं. तिथल्या समन्वयकांना आधी काही दिवस मुंबईला बोलावून तयार करायचं. मग मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून थेट पडद्यावर, प्रश्न केंद्रावरून थेट पवईला. आणि प्रयोगशाळेतलं काम त्या त्या केंद्रावर, समन्वयकाच्या देखरेखीखाली. ‘साइट’चीच ही धाकटी बहीण म्हणा ना. फरक इतकाच की आता पडद्याला उलट विचारता येत होतं.

तिथल्याच श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्ती यांच्या गटाने पुढे शिक्षकांच्या अशा प्रशिक्षणाचाच अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या. एक, ज्या पद्धतीने शिकवा म्हणायचं त्याच पद्धतीने शिक्षकाला आधी शिकू द्या, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसवा. दोन, काम त्याच्या स्वतःच्या विषयाचं, त्याच्या स्वतःच्या वर्गाचं असू द्या. मला होशंगाबादचा तो भिंग धरलेला शिक्षक आठवला. चाळीस वर्षांत यंत्रं बदलली होती, निष्कर्ष तोच निघाला होता.

चाळीस टक्के

मार्च २०२० नंतर काय झालं ते तुम्ही विद्यार्थी म्हणून पाहिलंच आहे. आम्ही पडद्याच्या अलीकडे होतो, तुम्ही पलीकडे, व्हिडिओ बंद करून. त्या दिवसांत ऑनलाइन कार्यशाळांचा पूर आला. आठवडाभर रोज दोन तास कान हेडफोनला द्यायचे, शेवटी फॉर्म भरायचा, प्रमाणपत्र ईमेलवर. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ब्लेंडेड शिक्षणाविषयी एक मसुदा टिपण काढलं. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं सुचवलं होतं. त्या टिपणात अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन असं बरंच काही होतं. स्टाफरूमपर्यंत पोचला तो फक्त आकडा. कुठले चाळीस? कशासाठी? हे विचारायला वेळ कुणाला होता! आमची पहिली कार्यशाळा याच आकड्याच्या पोटी जन्मलेली.

इतिहासात मागे गेल्यावर मला दिसलं, की खरा प्रश्न किती टक्के हा नाहीच. प्रश्न आहे, एकत्र बसल्याशिवाय होणारच नाही असं काय आहे? ते वर्गासाठी राखायचं. उरलेलं कसं पोचवायचं ते मग ठरवायचं. आमचा क्रम उलटा होता. व्हिडिओ आधी बनला, मग वर्गात काय करायचं हे न सुचल्यामुळे पुन्हा व्याख्यान झालं.

दुसरी आखणी

दुसऱ्या वेळी मी पाच दिवस मागितले नाहीत. सत्राच्या सुरुवातीला दोन दिवस, मग चार आठवडे नुसतं शिकवणं, मग एक दिवस, आणि सत्र संपताना अर्धा दिवस. चाळीस ऐवजी बारा जण. अट एक: प्रत्येक विभागातून किमान दोघं, एकट्याने यायचं नाही. ही उचल ओपन युनिव्हर्सिटीची. प्रत्येकाने आपला एकच घटक आणायचा, पूर्ण अभ्यासक्रम नाही.

पहिल्या सकाळी भाषण ठेवलं नाही. शिक्षकांना एक छोटा ऑनलाइन धडा आदल्या दिवशी पाठवला होता आणि नियम घातला होता: तो फोनवरच बघायचा, लॅपटॉपवर नाही, वायफाय बंद ठेवून, घरातली कामं उरकल्यावर. बारापैकी पाच जणांनी तो पूर्ण पाहिलाच नाही. वनस्पतिशास्त्राच्या एक ज्येष्ठ मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “माझा डोळा लागला. आणि आता मला वर्गात काही विचारलं तर मी काय सांगू, या भीतीने सकाळी यावंसंच वाटेना.” हॉल शांत झाला. आपल्या वर्गातली मुलं का येत नाहीत, याचं आम्हाला मिळालेलं ते पहिलं प्रामाणिक उत्तर होतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक घटकाचा कागदावर दोन रकान्यांत तक्ता केला. डावीकडे, एकत्र असतानाच करायचं. उजवीकडे, एकट्याने करता येईल असं. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर आणखी एक प्रश्न: फोन नसलेल्या विद्यार्थ्याने हे कसं करायचं? उत्तर नसेल तर ओळ खोडायची. पुष्कळ व्हिडिओ तिथेच खोडले गेले. त्यांच्या जागी चार पानांच्या झेरॉक्स आल्या, ग्रंथालयातला एक संगणक दुपारी राखून ठेवायची विनंती आली. ब्लेंडेडच्या कार्यशाळेत झेरॉक्स! कुणीतरी हसलंही. मी त्यांना खुराड्याच्या जाळीची गोष्ट सांगितली.

चार आठवड्यांनी जमलो तेव्हा निम्म्यांचं फसलं होतं आणि ते सांगायला सगळे आले होते. होशंगाबादच्या मासिक बैठकीत असंच होत असेल, असं मला वाटून गेलं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी व्हिडिओ काढलाच नव्हता. मुलांनी घराजवळच्या पाच झाडांच्या पानांच्या नोंदी घरून करून आणायच्या, ज्याच्याकडे फोन असेल त्याने फोटो, नसेल त्याने चित्र. आणि वर्गात फक्त त्यावर वाद घालायचा. “तीस वर्षांत पहिल्यांदा मी तासभर गप्प बसले,” त्या म्हणाल्या.

हे सगळं टिकेल का? मला सांगता येत नाही. २००२ चा तो आदेश मी विसरलेले नाही. होशंगाबादसारखं मुळं धरलेलं कामही कागदावरच्या एका सहीने बंद पडू शकतं, तर आमचे बारा जण कोण? म्हणून या वेळी अहवालात फोटोंऐवजी बारा तक्ते जोडले, आणि प्राचार्यांकडे एकच मागणी केली: या शिक्षकांना आठवड्यातला एक तास आखणीसाठी मोकळा द्या आणि तो वेळापत्रकात छापा. बरीच चर्चा होऊन ती मान्य झाली, एका सत्रापुरती.

माझ्या स्वतःच्या घटकाचंही सांगते. १८५७ वरची व्याख्यानं मी काढून टाकली. वाचायला दोन पानं देते, आणि वर्गात एकाच घटनेची दोन बाजूंनी लिहिलेली दोन वर्णनं समोर ठेवून कुणावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायला सांगते. मागच्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला. तिने दोन्ही पानं वाचली होती, कागदावर. तिचा मुद्दा माझ्या मताच्या विरुद्ध होता, आणि तिच्याकडे त्याला आधार होता.